पिवळ्या पिशवीतल्या चादरी

मावशी आमच्या घरात पहिल्यांदा शिरल्या तेव्हा मला वाटलं, जप्ती आली. बेल वाजली, मी कडी काढली आणि पुढच्या क्षणी मी दार आणि भिंत यांच्या मधे, पुस्तकात ठेवलेल्या पानासारखा चपटा झालो. एवढ्या ऐसपैस आकाराची बाई मी त्याआधी एकदाच पाहिली होती, तीही एका सरकारी इमारतीच्या कमानीवर, दगडात कोरलेली. आवाज असा की खालच्या मजल्यावरचं कुत्रं जे गप्प झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भुंकलं नाही. त्याचा मालक अजून शपथेवर सांगतो.

"कुठंय?" मावशी म्हणाल्या.

"कोण?"

"चादर हो. माणूस मग बघते."

आतल्या खोलीत अप्पा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळून होते. त्यांनी आयुष्यभर फुटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून काम केलं होतं आणि घरातही बऱ्याच जणांना बाहेर काढलं होतं. मावशींनी त्यांना कुशीवर वळवलं, एका हाताने चादर सोडवली, दुसऱ्या हाताने नवी सरकवली आणि परत उताणं केलं. अप्पांचा हात सवयीने गळ्याकडे गेला. तिथे शिट्टी नव्हती.

"बाई, हा सरळ सरळ फाउल आहे," ते म्हणाले.

"असू दे. खेळ चालू," मावशी म्हणाल्या आणि चादरीचं गाठोडं बगलेत मारून निघाल्या.

त्या काळात आमच्या घरी वासाबद्दल बोलायचं नाही असा न बोलता झालेला ठराव होता. माझी बायको उदबत्त्या लावायची, मी खिडक्या उघडायचो आणि अप्पा छताकडे बघायचे. मला किळस यायची. स्वतःच्या बापाची किळस येणं ही काही अंगावर मिरवायची गोष्ट नव्हे, पण यायची. मावशी येऊ लागल्यावर ती आठवड्याभरात गेली. जी दुसरी किळस मी पुढे सांगणार आहे, ती मात्र अजून गेलेली नाही.

मावशींचा धंदा एवढाच होता. ज्या घरांत कोणी अंथरुणात होतं, आणि अंथरूण ओलं होत होतं, त्या घरांतल्या चादरी न्यायच्या, धुवायच्या, इस्त्री करून परत द्यायच्या. गॅरेजच्या मागे पत्र्याची एक शेड त्यांनी भाड्याने घेतली होती. आत सिमेंटचे हौद, एक बंद पडलेल्या हॉटेलातून उचललेलं भल्यामोठ्या पोटाचं धुलाई यंत्र आणि छताखाली इकडून तिकडे दोऱ्या. चादर आधी गार पाण्यातच जायची. घाईने कोणी गरम पाण्यात टाकली की डाग कायमचा बसतो, आणि मग मावशी त्या माणसाला असं काही धुवायच्या की तो कायमचा उठायचा. वाळत घालायचं ते शेडच्या आतच. बाहेर ऊन फुकट सांडत असलं तरी आतच.

कारण या धंद्याचा एकच नियम होता. कोणाला कळता कामा नये. मावशींच्या गाडीवर नाव नव्हतं. चादरी यायच्या-जायच्या त्या बाजारच्या साध्या कापडी पिशव्यांतून. कोणाची फुलाफुलांची, कोणाची रेघारेघांची. आणि जिन्यात पाऊल ठेवल्याबरोबर मावशी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायच्या, "ताई, कांदे आणलेत हो!" आमच्या शेजाऱ्यांची खात्री पटली होती की आम्ही कांद्याशिवाय दुसरं काही खात नाही. एकदा त्यांनी बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलंही, "सगळ्यांचं पोट बरं आहे ना?"

मावशी साध्वी वगैरे अजिबात नव्हत्या. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या मुलाने टक्कल झाकायला काय लावलं, हे त्या चहाच्या एका कपात सगळं ओतायच्या. हिशोबाचा आनंदीआनंद होता. दिले त्याचे घेतले, न देणाऱ्याला शिव्या देऊन त्याचंही पुन्हा धुतलं. पण कोणाच्या घरी चादर बदलायला जातात, हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. माझ्या सख्ख्या मित्राकडे त्या दोन वर्षं जात होत्या, हे मला त्यांच्याकडून नाही, पुढे शहरातल्या फाउंडेशनमुळे कळलं. ते येतंच आता.

यंत्र मेलं. मेकॅनिकने आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि टोपी काढून हातात धरली. मावशी समजल्या. चाळीसेक घरांच्या चादरी हातांनी धुवायच्या तर माणसं ठेवायला हवीत, माणसं ठेवायची तर पैसे हवेत. महिना-दोन महिने कसाबसा निघाला असता. त्यानंतर शेडला कुलूप आणि आम्ही सगळे आपापल्या उदबत्त्यांकडे परत.

"फाउंडेशनकडे जा," मीच म्हणालो.

आमच्या शहराचं फाउंडेशन म्हणजे पैसेवाल्या मंडळींनी मिळून भरलेली एक मोठी तिजोरी. तिच्यातल्या व्याजातून संस्थांना अनुदान आणि मुलांना शिष्यवृत्त्या. कल्पना चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिजोरीत कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यावर देणाऱ्याची अट. कोणाच्या आईच्या नावाचा, कोणाच्या कुत्र्याच्या नावाचा. एक निधी डावखुऱ्या बासरीवादकांसाठी होता, कारण देणाऱ्याचे काका तसे होते. अर्जदार कधी मिळाला नाही, त्यामुळे तो निधी खाऊन-पिऊन सगळ्यात गुटगुटीत झाला होता.

मावशींची भाची नर्सिंग शिकत होती, तीही फाउंडेशनच्याच शिष्यवृत्तीवर. या शिष्यवृत्तीची रीत अशी, की दर वर्षी देणगीदारांच्या मेळाव्यात मुलांनी मंचावर उभं राहून आपल्या हालांची गोष्ट सांगायची. भाचीची जीभ मावशीच्या घराण्यातलीच.

"पहिल्या वर्षी माझे बाबा वारले ते सांगितलं," ती मला म्हणाली. "फार टाळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षी म्हणाले, काहीतरी नवीन सांग. आता मी कोणाला मारू?"

अर्ज तपासायला ज्या बाई आल्या त्यांना आम्ही 'प्रभावबाई' म्हणायचो. त्यांना प्रत्येक गोष्टीचा प्रभाव हवा असायचा, म्हणजे दिलेल्या पैशांनी शेवटी काय फरक पडला ते. शेडमध्ये त्या रुमाल नाकाला लावून उभ्या राहिल्या.

"हे लोक बरे कधी होतात?" त्यांनी विचारलं.

"होत नाहीत," मावशी म्हणाल्या.

"मग शेवटी प्रभाव काय?"

"कोरडी चादर."

"ते झालंच हो. पण त्यापुढे?"

"त्यापुढे परत ओली."

अर्ज आरोग्याच्या कप्प्यात बसेना, कारण माणसं बरी होत नव्हती. शिक्षणात बसेना. पर्यावरणात तर नावच काढू नका, पाणी किती लागतं! शेवटी कप्पा सापडला तो 'सुंदर शहर निधी'चा. स्वच्छता म्हणजे सौंदर्यच की. त्या निधीतून आजवर बागेतले बाक, चौकातलं घड्याळ, पुलावरच्या कुंड्या असं झालेलं, आणि त्याची जुनी अट होती की या पैशांतून जे काही होईल ते रस्त्यावरून दिसलं पाहिजे, आणि त्यावर फाउंडेशनचं बोधचिन्ह असलं पाहिजे. बाकाला ती अट ठीक. बाकाला लाज नसते. चादरींना तीच अट लावताना त्या कचेरीतल्या एकाही शहाण्याचा हात थबकला नाही. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाले.

यंत्र शेडच्या आत, ते रस्त्यावरून कसं दिसणार? मग ठरलं की पिशव्या दिसतील. यंत्राबरोबर पिशव्या आल्या. लिंबासारख्या पिवळ्या. त्यांवर उगवता सूर्य, सूर्याकडे हात पसरलेली दोन माणसं, खाली ठसठशीत अक्षरं: 'अंथरुणातल्या रुग्णांसाठी स्वच्छ चादर. सन्मानाने जगा.' सन्मानाने! थेट दारापर्यंत, जिन्यातून, सगळ्यांच्या देखत.

भाचीने एक पिशवी उचलली, वाचली आणि खाली ठेवली. "मावशी, घेऊ नकोस."

"पिवळी तर पिवळी. यंत्र बघ की! आवाज तरी करतंय का?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सवय होते. चादरीची झाली, पिशवीची होईल."

इथे मावशी चुकल्या. बाईला वासाची, डागांची, रात्रंदिवस ओल्या हातांची सवय झाली होती. त्यामुळे त्यांना वाटलं, माणसाला कशाचीही होते.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं. पिशवी दारात दिसल्यावर एका आजीने हातानेच "पुढे जा" अशी खूण केली. मावशींनी सगळ्या पिशव्या उलट्या केल्या, शिवण बाहेर, सूर्य आत. कांद्याची आरोळी परत सुरू झाली. पण प्रभावबाईंनी गाडी रस्त्यात पाहिली आणि शेडवर आल्या.

"मॅडम, बोधचिन्ह दिसत नाहीये."

"आतून छान दिसतं. चादरींना दिसतं."

"अट रस्त्यावरून दिसण्याची आहे. यंत्र परत घ्यावं लागेल मग."

सूर्य परत बाहेर आला.

मग मेळावा. मोठं सभागृह, गाद्यांच्या खुर्च्या, थंडगार हवा. शहरातले निम्मे ओळखीचे चेहरे होते, कारण फाउंडेशनच्या मेळाव्याला न दिसणं म्हणजे आपली ऐपत गेली असं लोक समजतात. मीही गेलो होतो, मावशींच्या आग्रहाने. भाचीला त्या वर्षी मावशींच्या चादरींची गोष्ट सांगायला लावली होती. ती तिने चार वाक्यांत उरकली. मग अध्यक्ष उभे राहिले. फरशीच्या व्यापारात मोठे झालेले, मऊ आवाजाचे, डोळ्यांत कायम थोडं पाणी ठेवणारे गृहस्थ.

"आपल्या शहरात चाळीस कुटुंबांना या प्रकल्पाचा लाभ होतोय," ते म्हणाले. "त्यातली काही आज इथे आहेत. माझी विनंती आहे, त्यांनी उभं राहावं. आपण त्यांचं कौतुक करू."

कोणी हललं नाही. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. माझ्या पुढच्या रांगेत माझा तो सख्खा मित्र होता. त्याचे कान लाल होताना मला मागून दिसले, आणि तेव्हा मला कळलं. दोन वर्षं आम्ही दर रविवारी पत्ते खेळत होतो.

"लाजू नका हो!" अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. "यात लाजण्यासारखं काय आहे? कोणावरही वेळ येते! ताई, तुम्ही हात दाखवा ना त्यांना, कोण कोण आहेत ते."

मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले. त्या सरळ वर, छताच्या पंख्याकडे बघत राहिल्या.

"मी उभी आहे की," मंचावरून भाची म्हणाली. "लहानपणी माझंही अंथरूण ओलं व्हायचं. चालेल का?"

दोघं-तिघं हसले. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि फोटोवाल्याने पिवळी पिशवी हातात धरलेल्या अध्यक्षांचा फोटो काढला. मला किळस आली. अप्पांच्या चादरीने कधी आली नव्हती तशी. मी बाहेर जाऊन कुंड्यांपाशी उभा राहिलो. त्या कुंड्यांवरही तो सूर्य होताच.

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "काय झालं तिथे?"

मी सांगितलं. थोडं गाळून सांगितलं, पण पंचाला गाळलेलं कळतं.

"उभा राहिलास?"

"नाही."

"बरं केलंस." त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "उद्यापासून ती पिशवी आपल्या दारात नको. बाई चांगली आहे. पण नको."

"अप्पा, मग चादरींचं काय?"

"मी कमी पाणी पिईन."

आणि ते खरंच कमी पिऊ लागले. डॉक्टर ओरडले, मी ओरडलो, कोणाचं ऐकलं नाही. मावशींना फोन मी केला. पलीकडून त्या म्हणाल्या, "कळलं दादा. सकाळपासून हाच फोन चाललाय. तुमचा नववा." मग पहिल्यांदाच त्या आवाज खाली घेऊन बोलल्या, "साध्या पिशवीत आणते ना. चोरून आणते. कोणाला दिसणार नाही."

"ते यंत्र काढून घेतील मावशी."

"घेतील," त्या म्हणाल्या.

उन्हाळ्यापर्यंत सहा घरं राहिली, तीही अशी की ज्यांना शेजारीच नव्हते. प्रभावबाईंनी लाभार्थींची संख्या घटल्याबद्दल खुलासा मागितला. मावशींनी काय खुलासा केला ते इथे छापता येणार नाही. भाचीच्या शिष्यवृत्तीचं पुढचं वर्ष 'विचाराधीन' राहिलं. तिने ते वर्ष एका दवाखान्यात रात्रपाळी करून काढलं आणि पास झाली.

फाउंडेशनने करारानुसार यंत्र परत नेलं. ते सध्या त्यांच्या अतिथिगृहात आहे आणि टेबलक्लॉथ धुतं. अप्पा त्याच वर्षी मूत्रपिंडाच्या संसर्गाने गेले. मावशी एका हॉटेलात टॉवेलांना इस्त्री करतात. शेडमध्ये गॅरेजवाला जुने टायर ठेवतो.