शंभर नंबरची दाई

"लिव बाबू. पोरगी. जित्ती."

माझ्या टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची आणि एवढंच बोलायची. नमस्कार नाही, की बसू का असं विचारणं नाही. मी मान वर करून पाहीपर्यंत ती पदरानं घाम पुसत खिडकीशी उभी राहिलेली असायची. आईबापाची नावं मी विचारली की मग सांगायची. तिच्या लेखी आधी महत्त्वाचं तेवढंच होतं. मूल कोणतं, आणि जिवंत आहे की नाही.

ही इंग्रजी अमदानीतली, दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. वाशीमकडच्या एका बाजारगावात मी म्युनिसिपल कमिटीच्या कचेरीत जन्ममृत्यूचा कारकून होतो. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याला गावात नावानं कुणीच हाक मारत नाही. ती सगळ्यांची दाई होती. मी तिला मावशी म्हणायचो. जातीनं माळीण, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. माळीपुऱ्यात दोन खोल्यांचं घर, मागं वांग्या-मिरच्यांचे चार वाफे. अंगानं काटक, आवाज मात्र मळ्याच्या पल्याड जाईल असा.

बाळंतिणीच्या घरात शिरली की पहिलं काम, बायांची गर्दी हाकलणं. "तमाशा हाये का इथं? जा, पानी तापवा!" सासू असो की पाटलीण, सगळ्यांना एकच हुकूम. एकदा एका सावकाराच्या आईनं तिला विचारलं, "तू आमाले सांगून राह्यली का?" ती म्हणाली, "नाई, भितीले सांगून राह्यली. पन तुमी आयकलं तं बरं होईन." म्हातारी मुकाट्यानं चुलीकडे गेली.

तिला लिहितावाचता येत नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. "मले हात वाचता येते, पोट वाचता येते. कागद तू वाच."

कमिटीनं घरांना नंबर द्यायचं ठरवलं, तेव्हा माळीपुऱ्याची यादी माझ्याकडे आली. एकाहत्तर घरं. मी चिठ्ठ्या करून दिल्या, त्या पाहून रंगाऱ्यानं दारांवर डांबरानं आकडे काढले. मावशीचं घर छत्तीस. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक पेन्शनर हवालदार एकटाच राहायचा, त्याचं त्रेसष्ट. रंगारी अक्षरशत्रू होता. त्याचा तीन कधी इकडे तोंड करायचा, कधी तिकडे, म्हणजे सहा व्हायचा. काम झाल्यावर यादी घेऊन दारोदार तपासणं माझं काम होतं. चैत्राचं ऊन होतं. अर्ध्या गल्लीपर्यंत गेलो, एका कडुलिंबाखाली बसलो आणि उरलेल्या घरांपुढे बसल्या जागी 'बरोबर' लिहून टाकलं.

दवाखान्याचा कंपाउंडर बाहेरगावच्या माणसांना चिठ्ठी द्यायचा: दाई, माळीपुरा, घर नंबर ३६. माणसं चिठ्ठी आणि दार ताडून पाहायची, ३६ दिसायचं हवालदाराच्या दारावर, आणि त्याचीच कडी वाजवायची. पहिल्या महिन्यात गावाला याचं हसूच आलं. मिशाळ हवालदार दारात, समोर घाबरलेला नवरा. "चाला लवकर, बाई अडली!" हवालदार ओरडायचा, "अरे, म्या चोर पकडले, पोरं नाई पकडले!" मग छडी उगारून मावशीचं घर दाखवायचा. कचेरीत आम्ही हा किस्सा चहाबरोबर चघळायचो. मीही.

एक दिवस मावशी आली. टकटक केलीच नाही.

"हे तुया वहीत लिवाचं नाई," ती म्हणाली. "रिठदचं हाये. तिथला कोतवाल लिवीन. पोरगा होता."

'होता' म्हटल्यावर मी लेखणी खाली ठेवली.

रिठद गावचा एक माणूस सकाळीच गाडी जुंपून निघाला होता. बायको आदल्या दिवसापासून अडलेली. चिठ्ठी घेऊन तो हवालदाराच्या दारी गेला. हवालदार भाचीकडे परगावी गेलेला, दाराला कुलूप. त्याला वाटलं, दाई कुणाकडे गेली असेल, येईल. गल्लीतले सगळे मळ्यात, विचारायला कुणी नाही. तो ओट्यावर बसून राहिला. मावशी त्याच गल्लीत आपल्या घरी तूर पाखडत होती. दुपारी ती सूप घेऊन बाहेर आली, तेव्हा लांब उभी असलेली गाडी तिला दिसली. तिनं तिथूनच हाक मारली. बैल पळवत ते रिठदला गेले. बाई वाचली. लेकरू गेलं.

"दोन घंटे तो मायी वाट पाहून राह्यला, बाबू. अन् मी घरीच."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आकडे तुयाच हातचे ना?"

"चिठ्ठ्या माझ्या. तपासायचंही माझ्याकडे होतं. मी अर्ध्यातून परत आलो, मावशी."

मला वाटलं, आता कचेरी डोक्यावर घेईल. तिनं टेबलावरचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "मंग अर्ज बी तूच लिव."

"काय लिहू?"

"माया घराले शंभर नंबर पायजे."

सेक्रेटरींनी अर्ज वाचून तो बाजूला टाकला. रंग नीट मारून देतो, म्हणाले. तिनं ऐकलं नाही. सभेच्या दिवशी ती सरळ आत जाऊन उभी राहिली. कागद सांभाळायला मी होतोच.

अध्यक्ष वकील होते. "बाई, गल्लीत घरं एकाहत्तर. पस्तीस, शंभर, सदतीस? लोक हसतील."

"हासू द्या. हासत हासत घर सापडलं तं बरंच हाये."

"पण शंभरच कशाला?"

"तुमाले वाचता येते, म्हणून इचारता. खेड्यातल्या मानसाले कसं सांगू? शंभर म्हंजे एक इळा अन् दोन भाकरी. आंधळ्याले बी समजते. उलटं वाचाची सोयच नाई."

एक मेंबर म्हणाले, "नंबर नोहते तवा बी तू सापडतच होती ना?"

"तुमाले सापडत होती, दादा. तुमची सून अडली तवा तुमाले घर ठावकं होतं. रिठदच्या मानसाले नोहतं."

सेक्रेटरी म्हणाले, यादी तपासलेली आहे, एकासाठी मोडता येणार नाही. तेव्हा मी उठलो. तपासणी मी पुरी केलेली नाही, 'बरोबर' हा शब्द माझा आणि खोटा आहे, असं सांगितलं. माझ्या नोकरीच्या कागदावर लाल शाईचा शेरा पडला, तो शेवटपर्यंत राहिला. तिचा अर्ज मात्र मंजूर झाला.

बाहेर आल्यावर ती माझ्यावरच चिडली. "बायको पोटुशी हाये ना तुयी? नोकरी गेली असती तं? येडा हाये का तू?" आणि चार पावलं पुढे जाऊन, मागं न पाहता म्हणाली, "बरं केलं."

रंगारी आला, तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "अजून मोठं. भाकरी गोल कर, लेकराची बारकी चांदकी नोको लावू!" शेवटी अख्ख्या भिंतीवर शंभर झाला. त्यानंतर हवालदाराची कडी कुणी वाजवली नाही. तो म्हणायचा, आता दिवसभर करमत नाही. माझी मोठी मुलगी तिच्याच हातांत जन्मली. त्या दिवशी मला उंबऱ्याआत येऊ दिलं नाही, कारकुनांचं आत काम नसतं म्हणाली.

पुढं गुडघे गेले, नजरही अधू झाली. तिच्या बहिणीची लेक तिला न्यायला मानोऱ्याहून आली. वर्षभरानं मावशी तिकडेच वारल्याचं कळलं. मी तिला शेवटचं पाहिलं ते निघण्याच्या सकाळी. गाडीवानाकडे पाठ करून बसली होती, तोंड गल्लीकडे. ओट्याओट्यावर बाया उभ्या, काहींच्या डोळ्यांत पाणी. तिच्या नव्हतं. मधेच तिनं गाडी थांबवली. एका दारात दहा दिवसांचं लेकरू घेऊन एक पोरसवदा बाळंतीण उभी होती. मावशीनं हात लांबवून दुपटं बाजूला केलं, दोन बोटांनी लेकराचं पोट चाचपलं, खूप वेळ.

"दूध पुरून राह्यलं याले," ती म्हणाली. दुपटं नीट गुंडाळलं आणि गाडीवानाला म्हणाली, "हाक बापू."