काय चुकलं ते इथे बसून सांगा

अड्याळची उर्वशी नागपूरच्या एका कंपनीत माहितीपुस्तिका लिहायची. कंपनी राईस मिलसाठी सॉफ्टवेअर बनवते: धान किती आलं, तांदूळ किती निघाला, कोंडा कुठे गेला, सगळं त्यात. ते वापरायचं कसं, हे उर्वशीच्या पुस्तिकेत. पण ती वाचणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता.

भंडाऱ्यात ग्राहक मेळावा ठरला तेव्हा तिने पुस्तिकेसाठी टेबल मागितलं. मिळालं, हात धुण्याच्या नळांजवळ. विक्रीचे साहेब भुपेंद्र सर म्हणाले, "पुस्तिका वाट, 'छान आहे' एवढं लिहून घे. आणि पाहुण्यांना गुलाब दे."

"गुलाब दुसरं कोणी देईल, सर."

तिने टेबल ओढत सभागृहाच्या दारात आणलं. वर कागद चिकटवला: 'पुस्तिकेत काय चुकलं ते इथे बसून सांगा.'

साहेब धावत आले. "ग्राहकासमोर 'चुकलं'? काढ तो कागद!"

"चुकलं नसेल तर कोणी बसणार नाही. राहू द्या."

पहिल्या बसल्या सानगडीच्या ललिताबाई. नवरा गेल्यापासून मिल त्याच चालवतात. उर्वशीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "पुस्तिका पाहून एक चुकलेली पावती दुरुस्त करता का?"

"तुह्या पुस्तकात ते हाये कुठं?" ललिताबाईंनी पान तिच्यापुढे धरलं. "सारं बरोबर चालते तोवर लिवलं हाये. अडलं का 'कंपनीशी संपर्क साधा'. धानाचे ट्रॅक्टर दारात उभे, आन मी फोन लावून राहिली. कोणी उचलत नाही. काहून लिवलं असं?"

"मी लिहिलं होतं, बाई. अडचणींची पानं सरांनी काढायला लावली. माल खराब दिसतो म्हणे."

ती हे हळू बोलली नाही. मागे जमलेल्या मिलवाल्यांनी ऐकलं, साहेबांनीही. मग एकेक जण खुर्चीवर बसत गेला, आणि जेवणाची पंगत उठली तरी टेबलाभोवतीची माणसं हलली नाहीत.

पुढचा मेळावा साकोलीला होता. कंपनीकडून जाणाऱ्यांच्या यादीत उर्वशीचं नाव नव्हतं. ललिताबाईंचा फोन आला, "आमच्या मिलकडून दोघांले बोलावणं हाये. मी आन तू."

उर्वशीने रजा टाकली आणि ग्राहकांच्या रांगेत जाऊन बसली. प्रश्नांची वेळ आली तशी उभी राहिली. "काढलेली पानं कधी छापणार, सर?"

"विचार करू."

"तारीख सांगा."

साहेब खाली बघून काहीतरी पुटपुटले. ललिताबाई बसल्या जागेवरूनच ओरडल्या, "जोरानं बोला साहेब, मागच्याइले ऐकू नाही येऊन राहिलं!"

सभागृह हसलं. साहेबांनी माईक घेतला आणि दिवाळीच्या आधी, असं सगळ्यांसमोर सांगितलं.

पानं छापून आली. उर्वशीची पगारवाढ मात्र त्या वर्षी थांबली. घरच्यांनी विचारलं, "सोडतेस का नोकरी?"

"मी काहून सोडू?" ती म्हणाली.