फोर्कची खुंटी

पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला घोडेगावजवळचा माळरस्ता आठवतो. एकाहत्तर साल असावं. मी गुरांचा नवा डॉक्टर होतो. वस्तीवर म्हैस अडली म्हणून एक शेतकरी बोलवायला आला आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसला. वाटेत बाभळीच्या काट्याने पुढचं टायर बसलं. मी ब्रेकची तार सोडली, एक्सल ओढला, पंक्चर काढलं आणि घाईघाईने चाक परत चढवलं. किक मारणार तोच तो म्हणाला, "डाक्टर, ही खुंटी मोकळीच हाय." फोर्कवरची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांडीवरची, खुंटी चाकातल्या ब्रेकप्लेटच्या खाचेत बसलीच नव्हती; ब्रेक दाबताच प्लेट फिरून चाक जाम झालं असतं. "हळू नेतो, तिकडे म्हैस खोळंबलीय," मी म्हणालो. "म्हैस माझी हाय का तुमची? खोला आधी. तुमी पुढच्या वढ्यात पडल्यावर तिला काय मी सोडवू?" मी चाक पुन्हा काढलं, खुंटी खाचेत घातली, सगळं नीट बसावं म्हणून फोर्क दोन-चारदा खाली दाबला आणि मगच नट आवळला. त्यात दहा मिनिटं गेली. म्हैस वाचली, पारडू मेलेलं निघालं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि माझ्या हातांवर पाणी घातलं. माझ्या मनातून मात्र ती दहा मिनिटं आजही गेलेली नाहीत.