कडक इस्त्री

आमच्या जिन्याखाली इस्त्रीवालीचं टेबल आहे. बाई बोलकी. शर्टाची कॉलर हातात घेतली की मालकाच्या स्वभावावर बोलणारच. नवरा कामावर पडून कंबर धरून बसला, तेव्हापासून दोन पोरींसह सगळ्या घराचा भार त्या एका इस्त्रीवर. धाकटी माझ्या लेकीच्या वर्गात आहे. मधल्या सुट्टीत "भूक नाही" म्हणते आणि पाणी पिऊन येते, असं लेकीनं सांगितलं.

म्हणून मदत मंडळाकडे मीच बाईला नेलं. वर्षभराचं धान्य मिळणार होतं. अट एकच: जनजागृतीसाठी कुटुंबाचा फोटो चौकात लावणार.

पोरी वेण्या घालून आल्या. फ्रॉक विटलेले, पण इस्त्री अशी कडक की घडीवर बोट कापावं. मंडळाच्या अध्यक्षांनी कॅमेरा खाली घेतला.

"अहो बाई, या तर लग्नाला निघाल्यासारख्या दिसतात. चुरगळलेलं काही नाही का घरात?"

"आहे की. पण ते गिऱ्हाइकांचं!"

"थट्टा नको. लोकांना पाझर फुटायला हवा."

"फुटेल हो साहेब. पण माझ्याच पोरी चौकात चुरगळलेल्या दिसल्या, तर उद्या मला शर्ट कोण देईल? तुमचं धान्य खाऊ आणि धंदा घालवू?"

मी मध्ये पडले. भांडलेच. "भूक काय कपड्यांवर दिसते?"

"वहिनी, देणगीदार फोटो बघून देतात. तुम्ही उगाच भावनेच्या भरात बोलताय."

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. धान्य दुसऱ्या घरी गेलं. त्यांनाही गरज होतीच, त्यांच्यावर राग नाही. पण ही निवड कपडे बघून?

आज संध्याकाळी मंडळाचा माणूस जिन्याखाली आला. 'गरिबी ओळखा, हात पुढे करा' असं लिहिलेला कापडी फलक त्यानं टेबलावर टाकला. घडीत राहून चुरगळला होता. "उद्या पाहुणे येणार, असा बरा दिसत नाही," म्हणाला.

बाईनं फलक पसरला, पाणी शिंपडलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "ताई, कडक करू, की गरीबच राहू दे?"

तो माणूसही हसला. मला हसू येईना. उद्यापासून लेकीच्या डब्यात दोघींपुरतं भरणार आहे. पण धाकटी आईच्याच वळणावर गेलीय. "भूक नाही" म्हणेल, आणि पाणी पिऊन येईल.