अकोल्याले आपला पोट्टा हाये

चाचीले अमरावतीतच उतरवाले पाह्यजे होतं. चांदूर रेल्वेवरून निघालेली जीप अमरावती मागं टाकून अकोल्यापावतर आली ते फक्त माह्यासाठी.

चाचा अन् चाची म्हंजे आमच्या भितीले भीत लागून रायनारे. चाचा स्टेशनाच्या रस्त्यावर फळाची गाडी लावत. मी लहानपनापासून नकला करतो अन् माही पयली नकल चाचाचीच. एक डाव त्यायच्या मागं उभा राहून ओरडलो, "ले लो संत्रा, शक्कर है शक्कर," त गिऱ्हाईक माह्याकडे पाहून राहिलं. मले वाटलं आता पडते एक कानाखाली. चाचा गाडीले धरून हासत बसले. संध्याकाळी चाची मायले म्हने, "इस नकलची कू मेरे घर भेज. चिल्ला चिल्ला के भूका रहता." तवापासून माही एक भाकर त्या घरी.

आमची भाजीची वाडी. विहीर आटत गेली, अन् जे पिकलं त्याले कोनी इचारे ना. एका साली बाबानं वांगे बाजारातून तसेच वापस आनले अन् बकऱ्यायपुढं टाकले. बकऱ्यायनंही निवडून खाल्ले. बाबा म्हने, "तू दवाखान्यात लाग बे. लोकं वांगे खानं सोडतीन, बिमार पडनं कुठून सोडतीन?"

डॉक्टर व्हायची आपली लायकी नव्हती. मंग रुग्णालय व्यवस्थापनाची ऑनलाइन डिग्री काढली. वाडीत रेंज फक्त विहिरीच्या काठावर, म्हनून माहं कॉलेज तिथंच. मोबाइलात एक टायवाले सर येत. मागं पुस्तकायचं कपाट, पुस्तक एकही हललेलं नाई. म्हनत, "रुग्ण हा आपला अतिथी आहे. नकार देतानाही आपल्या आवाजात हसू ऐकू आलं पाहिजे." मले त सोनं सापडलं. म्हशीले उठवाचं असलं का मी त्या आवाजात म्हनो, "अतिथी, कृपया उभे राहा." म्हैस उठे. बाबा तोंड फिरवून हासत. रोज सांजच्याले चाचीच्या ओसरीवर टायवाल्याचा खेळ होये. चाची गळ्याजवळ बोटानं टाय ओढल्यासारखं करे, म्हंजे समजाचं, फर्माईश आली.

डिग्री झाली अन् अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात लागलो. टाय भेटली. काचेमागची खुर्ची भेटली. माहं काम म्हंजे कोनती खाट भरली, कोनती खाली, हे पाहनं. पन खरं काम नाई म्हननं. खाट नसली का नातेवाईकायले बाहेर येऊन मीच सांगो, अन् सरच्याच आवाजात सांगो. त्या आवाजापुढं लोकं भांडत नाईत. शेतात औषध फवारताना पडलेल्या पोट्ट्याची माय भांडली नाई. पदर तोंडाले लावला अन् गेली. मोठे साहेब म्हनाले, "तुमचं कम्युनिकेशन छान आहे." हे मी गावात कोनाले सांगतलं नाई. गावात चाचाच सांगत फिरत, "दवाखाना आपल्या पोट्ट्याच्या हातात हाये."

एका दुपारी चाचीले दम लागला. चाचानं मले फोनही नाई केला. आपल्या घरी कोनी फोन करून जाते का? अमरावतीत जीपवाल्यानं इचारलं, "इथंच दाखवू का?" चाचा म्हने, "कायले? अकोल्याले आपला पोट्टा हाये."

मी बाहेर आलो तवा चाची स्ट्रेचरवर होती. डॉक्टरनं ऑक्सिजन लावला अन् मले बाजूले घेऊन सांगतलं, श्वासाचं मशीन लागन, वरच्या वार्डात तशी एकही खाट खाली नाई. मले ठाऊकच होतं. सकाळपासून दोघायले वापस धाडलं होतं.

मी चाचापुढं उभा राहिलो. तोंड उघडलं त सवयीनं तोच आवाज निघाला. "सध्या अतिदक्षता विभागात खाट उपलब्ध नाही. आपली अडचण आम्ही समजू शकतो."

चाचा हासले. संगं आलेल्या जावयाले कोपर मारून म्हने, "देखा? वहीच टायवाला. बोला था ना मैं?"

"चाचा, खाट नाई हो."

"हां, हां. बहुत हो गया बेटा. चल, अब अंदर ले."

"खरंच नाई चाचा."

"तो साहब कू बुला. मैं बात करता."

"साहेब मीच आहो."

त्यायनं माह्या टायकडे पाह्यलं. मंग माह्या तोंडाकडे. मंग कोनाकडेच नाई.

मी फोन लावत सुटलो. अकोल्यात ज्याले लावला त्यानं मले माह्याच आवाजात उत्तर दिलं. शेवटी अमरावतीत एका ठिकानी हो म्हने. ज्या रस्त्यानं आले, त्याच रस्त्यानं वापस. अँबुलन्समधी मीही बसलो. मूर्तिजापूरच्या पुढं चाचीनं हात गळ्याजवळ नेला. मले वाटलं नळी टोचते, म्हनून सरकवली. तिनं मान हालवली अन् बोटानं टाय ओढल्यासारखं केलं.

मी तोंड उघडलं. त्या आवाजात मले 'खाट उपलब्ध नाही' एवढंच येत होतं. तोंड मिटून घेतलं अन् तिचा हात धरून बसलो. चाचा खिडकीतून बाहेर पाहत होते. बडनेरा यायच्या अगोदर तिचा हात माह्या हातात जड झाला.

माती झाली. जेवाच्या वेळेले चाचाच्या सुनेनं माह्यापुढं ताट ठेवलं, अन् मी ते खाल्लं.

मंग टाय बांधून पुन्हा काचेमागं बसलो. काही दिवसानं आमच्या गावची एक जीप दवाखान्यासमोर लागली. आत एक म्हातारं धापा टाकून राहिलं होतं. मी त्याच्या पोराले इचारलं, "अमरावती सोडून इथपावतर कावून आनलं बे?"

तो मले पाहून हासला. म्हने, "तू आहे ना इथं."