भोकं अप्पांची, चाकं माझी

अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हैसूरजवळ येलवालच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होते. दुसऱ्याच्या हातात ड्रिल त्यांना बघवत नसे, माझ्या हातात तर मुळीच नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्ही पाच जणांनी बेंगळूरच्या रोबो स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा रोबोचा सांगाडा आणि चाकं मी तोऱ्यात माझ्याकडे मागून घेतली. कुवेंपुनगरातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये मी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपवर खुणा करायची, ड्रिल टेकवायची, की अप्पा मागे हजर.

"सरक ग. असं धरतात होय? सुम्ने पाइप हाळ करतीस."

पाइप उगीच वाया जायला नको म्हणून मी सरकायची. असं करता करता एकूण एक भोक अप्पांनी पाडलं. पण स्पर्धेचा नियम असा, की काम विद्यार्थ्यांच्याच हातचं हवं. परीक्षक एकेकाला उभं करून विचारणार होते. सवंगड्यांना मी ठोकून दिलं होतं, सगळं मीच केलंय म्हणून. हे खोटं पचेल का, ही धास्ती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती: अप्पा नसले, तर मला एकटीला खरंच काही येतं का?

आयुधपूजा आली ती बेंगळूरला निघायच्या आदल्या दिवशी. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. त्यामुळे घरात या पूजेचा थाट मोठा. पाटावर जुनी तलवार, तिच्या शेजारी अप्पांचे पाने, ड्रिल, करवत, आईची कात्री, एवढंच काय, विळीसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू. एकदा हत्यारं बसली की दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. भाजी आई आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. गाड्यांचं मात्र उलट: त्यांना हार घालायचा, कोहळा फोडायचा आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे काढायची.

आमच्या रोबोलाही शेवंतीचा हार घातला. पुढच्या दोन चाकांखाली लिंबं ठेवली. गल्लीतली सगळी मंडळी जमली होती. लिंबं चिरडून रोबो ऐटीत पुढे गेला. मग वळून दाखवू म्हणून मी चाकं पुसून त्याला शेजाऱ्यांच्या दारातल्या रबरी चटईवर नेलं, कारण स्पर्धेतही खाली रबरच असणार होतं. तिथे तो बेडकासारख्या उड्या मारू लागला आणि मोटरी गुरगुरून बंद पडल्या.

चार चाकांचा असा रोबो वळताना त्याची चाकं थोडी आडवी घसरावी लागतात. इतके दिवस आम्ही त्याला घरातल्या गुळगुळीत तांबड्या फरशीवर चालवला होता. तिथे चाकं आपोआप घसरत होती. रबरावर चारही चाकं पाय रोवून बसली. त्यात मी सांगाडा लांबच लांब केलेला, त्यामुळे चाकांना आडवं घसरायला आणखी जोर लागत होता. ही चूक सर्वस्वी माझी होती.

"अप्पा, पाने द्या. मागचा आस पुढे घ्यायला पाहिजे."

"हत्यारं बसल्यात. गोत्तिल्लवा, ठाऊक नाही तुला?"

"उद्या पहाटे बस आहे!"

"तीस वर्षं मोडलं नाही. आज मोडू काय?"

तेव्हा गल्लीसमोर मी जे बोलले, ते आठवलं की आजही कान तापतात. तुमचे पाने देव आणि माझं काम कचरा, असं म्हणाले. अप्पा कडलेपुरीचं, चुरमुरे-फुटाण्यांच्या प्रसादाचं ताट घेऊन शेजारी वाटायला निघून गेले.

आईला यातलं काही कळत नव्हतं. तिच्या मते दोष उघड होता. "मागच्या चाकांस लिंबू ठेवलाच नाहीस. मग वळंल कसं ते?" तिने दोन लिंबं आणून मागच्या चाकांखाली सरकवली. तिचं मन राखायला मी रोबो पुढे काढला आणि चटईवर फिरवला. आणि तो वळला! अर्धाच वळला, पण वळला. आईने हात जोडले. मी मात्र खाली बसून मागची चाकं चाचपली. लिंबाच्या रसाने ती बुळबुळीत झाली होती. म्हणजे फक्त मागची चाकं घसरली तरी काम भागत होतं!

मग मी खोकी बांधायची तपकिरी चिकटपट्टी आणली, दातांनी तोडली आणि पुसून कोरड्या केलेल्या मागच्या चाकांवर गुंडाळली. बॅटरी सायकलच्या ट्यूबने बांधलेली होती, ती हातानेच सोडून पुढे सरकवली, म्हणजे मागचा भार हलका झाला. एकही हत्यार लागलं नाही. अप्पा परतले आणि हात मागे बांधून बघत उभे राहिले. त्यांची बोटं शिवशिवत होती, मला दिसत होतं. चटईवर रोबो सुरेख गोल फिरला, तेव्हा मला जो आनंद झाला तसा पुढे नोकरी लागली तेव्हाही झाला नाही.

स्पर्धेत तो तसाच वळला. पहिल्या दोन फेऱ्या आम्ही जिंकलो. मग एक परीक्षक सांगाड्यावरून बोट फिरवत म्हणाले, "इतकी सरळ भोकं कुणी पाडली?"

मी पाडली, म्हणता आलं असतं. पण चाकांचं काम खरोखर माझं होतं, आणि ते या खोट्याला चिकटवायचं माझ्या जिवावर आलं. "भोकं वडिलांनी पाडली. चाकं मी केली," म्हणाले.

आम्हाला अंतिम फेरीतून वगळलं. परतीच्या बसमध्ये चौघांपैकी एकही माझ्याशी बोलला नाही.

घरी पोचले तेव्हा अप्पा फाटकाशी उभे होते. "वळला काय ग?"

"वळला." मग मी बाकीचं सांगितलं.

ते फाटकाची कडी चाळवू लागले. "म्हणजे माझ्यामुळं गेलं की."

नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही सांगाडा इतका नेटका केला म्हणून तो दोन फेऱ्या टिकला, हे तर खरंच होतं. पण मी चिडलेली होते, दमलेली होते आणि एकवीस वर्षांची होते.

"होय," मी म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर अप्पांनी माझ्या कुठल्याही कामाला हात लावला नाही. मी पोर्चमध्ये काही खटपट करत असले, की ते खुर्ची उचलून आत जाऊन बसायचे. मला वाटायचं, चला, एकदाचे सुधारले.