शिकागो, अडीच पाळ्या

“शिकागो लांब नाही रे. अडीच पाळ्या फक्त.” हे सांगताना काका तीन बोटं वर करायचे, त्यातलं तिसरं अर्धं दुमडलेलं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते ऑपरेटर, मी त्यांच्या हाताखाली. कॉलनीत शेजारही होता. आम्हा लोकांना वार कळत नाहीत, पाळ्या कळतात, पण काकांनी सगळं जगच आठ-आठ तासांत कापून ठेवलं होतं. एकुलती एक मुलगी लग्न होऊन तिकडे गेली, तेव्हापासूनचा हा नाद. डबा उघडताना भिंतीवरचं घड्याळ पाहून म्हणायचे, “साडेदहा तास मागे. झोपली असेल आता.”

घरी हे ऐकून काकू हसायच्या. “उद्या डब्यात शिकागोच भरून देते.”

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी काकू अचानक गेल्या. दुपारी मुलीचा फोन आला. “बाबा, चारचं विमान मिळालंय. मी येईपर्यंत आईला नेऊ नका.”

काकांनी कागद घेतला. आमची दुसरी पाळी चारलाच सुरू होते. दुसरी, तिसरी आणि पहिलीतली अर्धी. शनिवारी बाराला मुंबई, तिथून टॅक्सीनं सहापर्यंत घरी. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, “बघ रे, माझं डोकं चालत नाहीये.” मी बघितला आणि म्हणालो, “बरोबर आहे, काका.”

ते चार शिकागोचे होते. साडेदहा तास आम्ही दोघांनीही धरले नाहीत.

शनिवारी सहा वाजले, साडेसहा झाले. बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. मंडळी कुजबुजायला लागली, विमान चुकलं असेल, दिवस मावळल्यावर नेता येत नाही, या उन्हाळ्यात आणखी एक रात्र कशी ठेवायची? विमानात बसलेल्या माणसाला फोन तरी कुठे करणार? काका फाटकाशी रस्त्याकडे बघत उभे होते. शेवटी तेच म्हणाले, “चला.”

मुलगी पहाटे पोचली. चपला न काढता थेट आतल्या खोलीत गेली. तिथे नुसता दिवा होता.

“बाबा, मी सांगितलं होतं ना.”

“माझा हिशोब चुकला, बाळ.”

‘माझा’ म्हणाले ते. मी दारातच उभा होतो. बोललो असतो तर जीभ झडली नसती. नाही बोललो.

पुढे कुणी शिकागो किती दूर म्हणून विचारलं, तर काका “लांब आहे” एवढंच म्हणायचे. निवृत्तीनंतर मुलगी त्यांना घेऊन गेली. निघताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “जपून राहा.” त्या कागदाबद्दल एक अक्षर नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काही वर्षांनी तिचा फोन आला. काका तिकडेच वारले होते, अंत्यविधीही उरकला होता.

“बाबांनी सांगून ठेवलं होतं, माझ्यासाठी कुणाची वाट बघू नकोस. तुमची फार आठवण काढायचे, दादा.”

आता तरी सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं.

“जेवलीस का?” मी विचारलं.